पाच लाखांची गाडी साडेसहा लाखांना पडू नये म्हणून

चार-पाच लाखांत नवी कोरी चारचाकी घ्यायची तर आज पर्याय एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्यातही जाहिरातीत ज्या किमतीचा आकडा मोठ्या टायपात असतो, ते व्हेरिएंट, म्हणजे कमी-जास्त सोयींचा तो प्रकार, शोरूममध्ये बहुधा उभंच नसतं. सहा लाखांच्या आत सगळं बसवायचं आहे, पहिलीच गाडी आहे किंवा जुनी ऑल्टो-सँट्रो काढून नवी घ्यायची आहे, अशांसाठी हे मार्गदर्शन. करांचे हिशेब महाराष्ट्रातल्या नोंदणीचे आहेत.

खालची फळी रिकामी कशी झाली

हे आधी समजून घेतलेलं बरं, कारण भाव कुठे हलतो आणि कुठे हलत नाही ते यातूनच कळतं.

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, नॅनोचं २०१८ मध्ये. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुरावर मर्यादा घालणारा नवा नियम आला आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. २०२२ मध्ये डॅटसनने भारतातून गाशा गुंडाळला, त्याच वर्षी सँट्रो गेली. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा लागू झाला. यात धूर फक्त प्रयोगशाळेत नाही, प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजतात. त्या सुमारास ऑल्टो ८०० आणि ८०० सीसीची क्विड यादीतून उतरल्या. तळेगावच्या ज्या कारखान्यातून एके काळी शेवरोलेची बीट निघायची, तो आता ह्युंदाईकडे आहे आणि तिथून व्हेन्यू बाहेर पडते. बाजार कुठून कुठे गेला ते त्या एका फाटकावर उभं राहिलं तरी दिसतं.

यामागचं गणित सरळ आहे. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा), चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा बझर, मागचे पार्किंग सेन्सर हे सगळं २०१९ पासून सक्तीचं झालं. शेजारच्या सीटची एअरबॅग २०२१ च्या अखेरीपासून. हे हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एबीएसचा संच साडेतीन लाखांच्या गाडीला जेवढ्याला पडतो, जवळपास तेवढ्यालाच पंधरा लाखांच्या गाडीला पडतो. मोठ्या गाडीत तो खर्च विरघळतो, छोट्या गाडीत तो किमतीच्या वर तरंगतो. मग कंपनीला छोट्या गाडीत उरतं थोडं आणि डीलरला त्याहून थोडं.

म्हणून बेस मॉडेलवर "पंचवीस हजार कमी करा" म्हणून अडून बसण्यात अर्थ नाही. तिथे नफ्याला जागाच नाही. डीलरची कमाई विम्यात, ॲक्सेसरीजमध्ये, कर्जाच्या कमिशनमध्ये आणि वाढीव वॉरंटीत असते. तुमचे पैसे वाचणार तेही तिथेच.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेला, जीएसटी उतरला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस होता, तो आता सरसकट १८ टक्के आहे. करापूर्वी चार लाखांची असलेली गाडी ५,१६,००० वरून ४,७२,००० वर आली. शिवाय रस्ता कर या कमी झालेल्या किमतीवर लागतो, म्हणजे तिथेही ४,८०० च्या आसपास सुटले. त्या कपातीनंतर एस-प्रेसो साडेतीन लाखांपासून, ऑल्टो के१० पावणेचारांच्या जरा आत, क्विड ४.३० पासून, टियागो ४.५७ पासून, सेलेरियो ४.७० पासून आणि वॅगन-आर पाचाच्या उंबरठ्यावर सुरू होत होती. कंपन्या दर काही महिन्यांनी किमती सरकवतात, तेव्हा आजचा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं शहर निवडूनच बघा.

ऑन-रोडवरून उलटं मोजा

बजेट ठरवताना एक्स-शोरूम, म्हणजे रस्ता कर, नोंदणी आणि विमा धरण्याआधीची किंमत विसरा. गाडी दारात उभी राहीपर्यंत एकूण किती द्यायचे आहेत तो ऑन-रोड आकडा लिहा आणि त्याला १.१६ ने भागा. सहा लाख असतील तर उत्तर ५,१७,००० येतं. याच्या वरची एक्स-शोरूम किंमत असलेलं व्हेरिएंट बघायलाही जाऊ नका.

हे १.१६ कुठून आलं? पाच लाख एक्स-शोरूमची, ९९८ सीसीची पेट्रोल गाडी वैयक्तिक नावावर घेतली तर:

एक्स-शोरूम: ५,००,०००
रस्ता कर, ११ टक्के: ५५,०००
नोंदणी शुल्क, स्मार्ट कार्ड, कर्ज असल्यास त्याची नोंद: सुमारे २,३००
विमा, तीन वर्षांच्या थर्ड पार्टीसह (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा भाग): १८,००० ते २५,०००
फास्टॅग: ५०० ते ६००

बेरीज ५.७६ ते ५.८३ लाख. गाडी रस्त्यावर आणायला एवढंच लागतं. कोटेशनमध्ये याहून वेगळी जी ओळ असेल ती ऐच्छिक समजायची आणि एकेक करून खोडायला लावायची.

महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के रस्ता कर आहे. सीएनजीला जुलै २०२५ पासून ८ टक्के. एक चूक पुष्कळ जण करतात. स्वतःच्या छोट्या कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर घसारा (गाडीची झीज खर्च म्हणून दाखवून आयकरात मिळणारी वजावट) मिळेल म्हणून घेतात आणि २० टक्के रस्ता कर भरून बसतात. पाच लाखांच्या गाडीवर हा फरक ४५,००० रुपयांचा आहे.

कोणतं व्हेरिएंट

यादीतलं सर्वांत खालचं व्हेरिएंट बहुतेक वेळा जाहिरातीतला आकडा लहान दिसावा म्हणून असतं. ऑल्टो के१० आणि एस-प्रेसोच्या सर्वांत खालच्या व्हेरिएंटमध्ये एसी नसतो. "नंतर बाहेरून बसवून घेऊ" हा विचार सोडून द्या. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, वायरिंग आणि डॅशबोर्ड उघडण्याची मजुरी धरली तर वरच्या व्हेरिएंटच्या फरकाएवढेच पैसे जातात, आणि इंजिनाच्या वायरिंगला हात लागला की वॉरंटीवरून वाद सुरू होतो.

ढोबळ नियम असा: खालून दुसरं व्हेरिएंट घ्या. ब्रोशर उघडून या चार गोष्टींवर बोट ठेवा: एसी, पॉवर स्टीअरिंग, पुढच्या पॉवर विंडो, एअरबॅगची संख्या. या कारखान्यातूनच आलेल्या हव्यात. सेंट्रल लॉकिंग, स्टिरिओ, स्पीकर, व्हीलकॅप, मागच्या काचेचा वायपर यांपैकी बरंच नंतर बसवता येतं. अलॉय चाकं आणि टचस्क्रीनसाठी पुढच्या व्हेरिएंटवर उडी मारणं म्हणजे चाळीस-पन्नास हजारांना एक टॅबलेट विकत घेण्यासारखं आहे.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या २०२३ च्या चाचणीत पाचपैकी प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी ऑल्टो के१० ला २ तारे मिळाले, वॅगन-आरला १. टियागोला २०२० मध्येच ४ होते. या चाचण्या दोन एअरबॅग असलेल्या गाड्यांच्या होत्या. २०२५ मध्ये ऑल्टो, सेलेरियो आणि वॅगन-आरला सहा एअरबॅग सर्व व्हेरिएंटमध्ये आल्या. एअरबॅग वाढल्याने डोक्याला आणि छातीला होणारी इजा कमी होते, गाडीचा सांगाडा मात्र तोच राहतो. महामार्गावर दर आठवड्याला पुणे-सोलापूर करणारा आणि गावातल्या गावात शाळा-बाजार करणारा यांची निवड इथे वेगळी व्हायला हवी.

इंजिनाच्या सीसीकडेही पाहा. थर्ड पार्टी विम्याचे दर सरकार ठरवतं आणि ते १००० सीसीला बदलतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १००० सीसीपर्यंत ६,५२१ आणि त्यावर १५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये. जीएसटी धरून फरक ४,८०० च्या वर जातो. नंतर दर वर्षी २,०९४ विरुद्ध ३,४१६. ऑल्टो, सेलेरियो, क्विड हजाराच्या आत बसतात. टियागो ११९९ सीसीची आहे, वॅगन-आर दोन्ही इंजिनांत मिळते. हा फरक टियागो नाकारण्याइतका मोठा नाही, पण हिशेबात धरायला हवा.

"बेस मॉडेल नाहीये साहेब"

हे वाक्य ऐकायला मिळणारच. डीलर साठ्यात मधली आणि वरची व्हेरिएंट ठेवतो, कारण ती लवकर हलतात आणि त्यात त्याला उरतं. खालचं व्हेरिएंट मागणी नोंदवल्यावर येतं. तेव्हा असं करा.

कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा शोरूममध्ये बुकिंग करा, पण पावतीवर व्हेरिएंटचं पूर्ण नाव, रंग, बुकिंगची रक्कम आणि रद्द केल्यास किती कापणार हे लिहून घ्या. "अंदाजे चार आठवडे" असं तोंडी सांगितलेलं धरू नका, तारीख लिहून मागा. रंगाचा हट्ट सोडला तर गाडी लवकर मिळते. पांढरा आणि चंदेरी बहुधा आधी येतो, शिवाय पांढऱ्याला धातूच्या छटेच्या रंगाचे जादा पैसे पडत नाहीत.

एकाच डीलरवर अवलंबून राहू नका. राज्यात कुठूनही गाडी घेतली तरी नोंदणी आपल्या पत्त्याच्या आरटीओत होते आणि कर तोच लागतो. नाशिककराने नगरच्या डीलरला, सांगलीकराने कोल्हापूरच्या डीलरला फोन लावून बघावा. छोट्या गावातल्या शोरूमकडे खालच्या व्हेरिएंटचा साठा शहरापेक्षा जास्त असतो, कारण त्यांचं गिऱ्हाईकच ते मागतं.

वेळेचाही विचार करा. दसरा, धनत्रयोदशी, पाडव्याला शोरूममध्ये उभं राहायला जागा नसते. त्या गर्दीत घासाघीस होत नाही आणि गाडीची तपासणी तर होतच नाही. पितृपक्षात तीच शोरूम ओस पडलेली असतात. मुहूर्त पाळायचाच असेल तर कोटेशन पितृपक्षात पक्कं करा आणि ताबा दसऱ्याला घ्या. डिसेंबरअखेर सूट मिळते ती उगीच नाही. १ जानेवारीला ती गाडी कागदोपत्री एक वर्ष जुनी होते आणि विकताना उत्पादनाचं वर्ष पाहिलं जातं. तुम्ही गाडी आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर ही सूट निव्वळ फायदा आहे. तीन वर्षांत बदलणार असाल तर पाच लाखांच्या गाडीवर तीस हजारांच्या खाली सूट असेल तेव्हा जानेवारीची गाडी बरी.

कोटेशन हातात आल्यावर

छापील, प्रत्येक खर्चाची वेगळी ओळ असलेलं कोटेशन मागा. "ऑन-रोड ६.३५" असा एकच आकडा देत असतील तर तिथे बसू नका. प्रत्येक ओळीचं काय करायचं ते असं:

हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्जेस: द्यायचे नाहीत. गाडी डीलरच्या आवारात आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. ही ओळ लेखी आक्षेप घेतला की बहुतेक वेळा पुढच्या कोटेशनमधून गायब होते.

ॲक्सेसरीज किट: ऐच्छिक. "हे सक्तीचं आहे" म्हणाले तर तेच ईमेलवर लिहून मागा. कुणी लिहून देत नाही.

टेफ्लॉन, सिरॅमिक, आतली ट्रीटमेंट: नव्या रंगावर गरज नाही. खालून गंजरोधक कोटिंग मात्र कोकणात, मुंबईत खाडीकाठी किंवा साखर कारखान्याच्या रस्त्यावर उपयोगी पडतं. तेही बाहेर निम्म्या भावात होतं. फक्त करणाऱ्याने पाणी निचऱ्याची भोकं बुजवली नाहीत ना ते पाहा. बुजवली तर दारात आणि पत्र्याच्या खाचांत पाणी साचून आतूनच गंज धरतो.

वाढीव वॉरंटी: ही घेण्यासारखी आहे, पण पहिल्याच दिवशी घेतलीच पाहिजे असं नाही. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत बहुतेक कंपन्या ती विकतात. उशीर झाला तर किंमत थोडी वाढते, एवढंच.

नंबरप्लेट: नव्या गाडीवर उच्च सुरक्षा प्लेट कंपनी-डीलरनेच लावून द्यायची असते. तिची वेगळी ओळ दिसली तर ती कशाबद्दल आहे ते विचारा.

विमा: यावर थोडा वेळ घालवा. थर्ड पार्टीचा भाग सगळ्यांकडे सारखाच असतो, फरक पडतो तो स्वतःच्या नुकसानीच्या भागात. पाच लाखांच्या नव्या गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, ४,७५,००० धरतात. मुंबई-पुण्यासाठी १००० सीसीखालच्या नव्या गाडीचा मूळ दर ३.१२७ टक्के, म्हणजे सुमारे १४,८५० रुपये. यावर कंपन्या घसघशीत सूट देतात, पण डीलरच्या पॉलिसीत ती सूट तुमच्यापर्यंत पोहोचतेच असं नाही. पन्नास टक्के सूट मिळाली तर जीएसटीसह पावणेनऊ हजारांच्या आसपास वाचतात. दोन विमा कंपन्यांकडून त्याच आयडीव्हीचं, त्याच ॲड-ऑनचं (जादा कव्हरचं) कोटेशन घ्या आणि ते डीलरपुढे ठेवा. तो तेवढ्यावर आणतो किंवा बाहेरची पॉलिसी मान्य करतो. विमा बाहेरून घेतला तर वॉरंटी जाते, ही निव्वळ थाप आहे. कॅशलेस दुरुस्तीसाठी मात्र तुमच्या गावातलं कंपनीचं वर्कशॉप त्या विमा कंपनीच्या यादीत आहे का, ते आधी बघा.

ॲड-ऑनपैकी पहिली पाच वर्षं झिरो डेप्रिसिएशन (भरपाई देताना सुट्या भागांची झीज न कापणारं कव्हर) घ्या. पावसात पाणी साचणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या नादात इंजिनात पाणी खेचलं जातं, ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. चावी हरवण्याचं, टायरचं, सामानाचं कव्हर सोडून द्या. जुनी गाडी विकत असाल तर तिचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, तुमचा आहे, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत सूट देतं. हे पत्र घ्यायला विसरणारे शेकड्याने आहेत.

जुन्या गाडीची एक्स्चेंज किंमत आणि नव्या गाडीची सूट एकत्र बोलू देऊ नका. आधी बाहेर दोन ठिकाणी जुन्या गाडीचा भाव काढा. डीलर "वीस हजार एक्स्चेंज बोनस" म्हणतो तेव्हा गाडीचीच किंमत तीसने कमी लावलेली असू शकते.

कर्ज

चार लाखांचं कर्ज ९.५ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ८,४०० आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ४ हजार. सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ६,५४० वर येतो, पण व्याज १ लाख ४९ हजारांवर जातं. वरचे ४५ हजार म्हणजे गाडीच्या चार-पाच वर्षांच्या सर्व्हिसिंगचे पैसे. शिवाय सात वर्षांच्या कर्जात पहिली तीन वर्षं गाडीची बाजारातली किंमत आणि उरलेलं कर्ज जवळजवळ बरोबरीत चालतात. मध्येच विकायची वेळ आली तर हाताला काही लागत नाही.

"फक्त ६ टक्के" असं कुणी म्हणालं तर तो फ्लॅट दर, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर लागणारा दर, आहे का ते विचारा. फ्लॅट ६ टक्क्यांत चार लाखांवर पाच वर्षांचं व्याज १ लाख २० हजार होतं, हप्ता ८,६६७. म्हणजे खरा दर १०.८ टक्क्यांच्या घरात. दर ऐकू नका. हप्ता, महिने आणि प्रक्रिया शुल्क या तीनच आकड्यांवर तुलना करा. कर्ज आधी फेडलं तर दंड किती, तेही मंजुरीपत्रात वाचा. आणि कर्जाच्या रकमेत गपचूप मिसळलेला कर्जसुरक्षा विमा काढायला लावा.

सीएनजीचा हिशेब

सीएनजीला साधारण ८० ते ९५ हजार जादा पडतात आणि ती बहुधा मधल्या व्हेरिएंटपासून सुरू होते. पेट्रोल १०४ रुपये आणि गावात १८ चं मायलेज धरलं तर किलोमीटरला ५.७८. सीएनजी ८० रुपये आणि किलोला २६ धरलं तर ३.०८. किलोमीटरला २.७० वाचतात. जादा दिलेले ८५,००० भरून निघायला साडेएकतीस हजार किलोमीटर लागतात. महिन्याला १,२०० किलोमीटर पळणाऱ्याला सव्वादोन वर्षांत वसूल, ५०० पळणाऱ्याला पाच वर्षांहून जास्त. रस्ता कर कमी असल्याने यात थोडी भर पडते. आपल्या गावातले दर घालून हेच गणित पुन्हा करा. पंपावर रोज अर्धा तास रांग असेल तर त्याचाही भाव मनाशी धरा. एका मोठ्या सिलिंडरच्या गाडीत डिकी उरत नाही, गणपतीला गावी जाताना हे आठवतं. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी लागते.

ताबा घेण्याआधीची तपासणी

ही पूर्ण पैसे भरण्यापूर्वी, आणि मुख्य म्हणजे विमा व नोंदणीसाठी चेसिस नंबर जाण्यापूर्वी करायची. एकदा तुमच्या नावाने नोंदणी झाली की डीलर गाडी बदलून देत नाही, फार तर रंग लावून देतो. दिवसा, उन्हात, धुतलेल्या गाडीवर तासभर द्या.

१. चेसिस नंबर गाडीवरून स्वतः उतरवून घ्या, कागदाशी ताडा. उत्पादनाचा महिना आणि वर्ष विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर असतं, त्याची प्रत मागा.

२. पाचही टायरवरचा चार आकडी कोड वाचा. ३५२५ म्हणजे २०२५ चा पस्तिसावा आठवडा. एखादाच टायर बाकीच्यांपेक्षा खूप वेगळ्या तारखेचा असेल तर का, ते विचारा. स्टेपनीही पाहा. बेस व्हेरिएंटमध्ये जॅक आणि पाना आहे ना तेही.

३. बोनेट, दारं, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का. बिजागऱ्यांचे बोल्ट उघडल्याच्या खुणा असतील, बोल्टवरचा रंग तुटलेला असेल, तर तो भाग काढून बसवला आहे.

४. तिरकस उजेडात प्रत्येक पत्रा पाहा. एकाच पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसला तर तिथे पुन्हा रंग मारलेला असतो. वाहतुकीत घासलेल्या गाड्या अशाच सावरतात.

५. काचांवरचा कंपनीचा ठसा सगळीकडे एकच हवा.

६. ओडोमीटर ५० च्या आत असलेलं चांगलं. शंभराच्या पुढे असेल तर ती टेस्ट ड्राइव्हला वापरलेली किंवा दुसऱ्या गावाहून चालवत आणलेली असू शकते.

७. इंजिन थंड असताना सुरू करा. कूलंट, ऑइल, ब्रेक ऑइलची पातळी पाहा. एसी दहा मिनिटं चालवा, सर्व दिवे, हॉर्न, वायपर, काचा, चारही सीटबेल्ट बघा. चावी फिरवल्यावर एअरबॅग आणि एबीएसचे दिवे लागून विझले पाहिजेत. लागलेच नाहीत तरी तो दोषच.

८. खाली वाकून जमिनीवर थेंब आहेत का ते पाहा. यार्डात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडल्याची शक्यता असते. बोनेटखालच्या इन्सुलेशनवर लेंड्या दिसल्या तर दुसरी गाडी मागा.

दोष सापडला तर फोटो काढा आणि दुसऱ्या चेसिस नंबरची मागणी ईमेलने करा. "डिलिव्हरीच्या आधी करून देतो" यावर मान डोलावू नका.

बाहेरून काय बसवायचं

मॅट, मडफ्लॅप, स्टिअरिंग कव्हर बाहेर निम्म्या किमतीत मिळतं. सीट कव्हरच्या बाबतीत आता जपावं लागतं. सहा एअरबॅगच्या गाडीत बाजूच्या एअरबॅग पुढच्या सीटच्या कडेला असतात. साधं घट्ट कव्हर चढवलं तर एअरबॅग फुटायला वाट मिळत नाही. एअरबॅगच्या जागी उसवणारी शिलाई असलेलीच कव्हरं घ्या, किंवा घेऊच नका.

स्टिरिओ आणि सेंट्रल लॉकिंग बसवताना कपलरला कपलर जोडणारा संच मागा. वायर कापून टेप गुंडाळणाऱ्याकडे जाऊ नका. वॉरंटीत विजेचा कोणताही दोष आला की वर्कशॉप आधी तीच टेप दाखवतं. जास्त वॅटचे हॅलोजन रिलेशिवाय लावले तर हेडलाइटचा सॉकेट वितळतो. बुलगार्डवर, म्हणजे बंपरपुढे लावायच्या लोखंडी चौकटीवर, केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. त्याने एअरबॅगच्या सेन्सरचा धडकेचा अंदाज चुकतो. रुंद टायर घातले की मायलेज उतरतं आणि स्टीअरिंग जड होतं.

नवी जमतच नसेल तर

साडेतीन-चार लाखांत एसी नसलेली नवी गाडी घेण्यापेक्षा तीन-चार वर्षं जुनी, एकाच मालकाची, पूर्ण सर्व्हिस नोंदी असलेली वॅगन-आर किंवा टियागो जास्त उपयोगी. फक्त तीन गोष्टी ध्यानात ठेवा. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर दोन-चार टक्के जास्त असतो. एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली असेलच असं नाही, तेव्हा रबरी नळ्या आणि इंधन पंप वर्कशॉपमध्ये तपासून घ्या. तिसरी गोष्ट पुराची. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, जुलै २०२१ मध्ये चिपळुणात शेकडो गाड्या बुडाल्या आणि त्यातल्या बऱ्याच धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पट्ट्यावर गाळाची रेघ असते, ती धुऊन जात नाही. सीटखालच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातली माती आणि काच बंद करून पाच मिनिटं बसल्यावर येणारा कुबट वास, यांतलं एक जरी आढळलं तरी सौदा सोडा.

पैसे देताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५, चालू विमा आणि पीयूसी हातात घ्या. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकून थकीत चलनं पाहा. ती विकणाऱ्याकडून भरून घ्या, आणि आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत किमतीतले दहा-पंधरा हजार हातचे राखा.